‘एकटं वाटतं, म्हणजे तो माझ्यासाठी मेलाच नाही का?’

धारूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून उत्तर कळण्यापुरतंच इथे देते. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, वय ५४. मालकांना जाऊन दोन वर्षं होतील. मुलगा आणि सून कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. दिवाळी झाली की ट्रॅक्टर येतो आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, दोघं तिकडेच, कोपीत. मुलगी पुण्याला दिलेली. गावात ख्रिस्ती घरं पंधरा-वीस. त्यांतली निम्मी तरी हंगामात उसाला गेलेली असतात, त्यामुळे नाताळच्या उपासनेलासुद्धा म्हातारी माणसं आणि लहान पोरंच दिसतात. पाळकसाहेब तालुक्याहून पंधरा दिवसांतून एकदा येतात.

त्या लिहितात: “अंगणवाडीत लेकरं असतात तोवर बरं असतं. कुलूप लावून घरी आलं की घर खायला उठतं. भांडं वाजलं तरी मीच वाजवलेलं असतं. एकटीसाठी चूल पेटवायची जिवावर येतं. सकाळचं कोरड्यास उरलं असलं तर खाते, नाही तर चहात टोस्ट बुडवते आन् बीपीची गोळी घेऊन पडते. झोप लागत नाही. मागल्या गुड फ्रायडेला बाहेरून एक भाऊ चौथ्या वचनावर बोलायला आले होते. ते म्हणाले, विश्वासणाऱ्याला परत कधी एकटं वाटू नये म्हणून येशूनं वधस्तंभावर एकटेपणा सोसला. अजूनही ज्याला एकटं वाटतं, त्यानं आपला विश्वास तपासावा. तवापासून ते मनातून जात नाही. मला तर रोज एकटं वाटतं. मग तो माझ्यासाठी मेलाच नाही का? दर साली मी गुड फ्रायडेला पाण्याचा थेंब न घेता उपास करते. यंदा जावं का नको, हेच कळंना. मंडळीत कुणाला सांगायची लाज वाटते.”

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगते. गुड फ्रायडेला, म्हणजे उत्तम शुक्रवारी, बऱ्याच मराठी मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार, म्हणजेच सात वचनं, एकेक करून वाचतात आणि प्रत्येकावर कुणीतरी बोलतं. चौथा उद्गार आहे: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”

ताई, सलाम.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण वर्षभर तो तुम्हाला आतून पोखरतोय. तो तुमच्यासाठी मेला. त्या दिवशी चर्चमध्ये बसून तुम्हाला काय वाटत होतं, आज संध्याकाळी घरात काय वाटतं, यावर ते अवलंबून नाही. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय काढा. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला कोण वेगळं करील, असं विचारून प्रेषित पौल संकट, उपासमार, नागवेपण, तलवार, मरण अशी मोठी यादी देतो आणि यांतलं काहीच ते करू शकत नाही म्हणतो. ‘तुम्हाला आतून बरं वाटत असेल तर’ अशी अट तिथं कुठंही घातलेली नाही.

त्या भावांच्या मनात वाईट नसेल. पण त्यांचं ते वाक्य चुकीचं होतं आणि मंडळीसमोर ते बोलायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. देवापासून तुटलेल्या माणसाला देवाशी जोडण्यासाठी ख्रिस्त मेला, हा आपला विश्वास. संध्याकाळी घरात करमत नाही, मालकांची आठवण येते, बोलायला माणूस नाही, हे वेगळं आहे. हे दुसरं दुःख विश्वास ठेवल्यावर नाहीसं होईल, असं वचन शास्त्रात मला सापडत नाही. “मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे” हे वचन आहे, आणि ते खरंच आहे. पण ज्यांना ते मिळालं, तेही पुढं एकटे पडले आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं.

पौलाचंच बघा. वधस्तंभाबद्दल त्याच्याइतकं कुणी लिहिलेलं नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय एकदा सावकाश वाचा. पौल तुरुंगात आहे, आपला काळ जवळ आला हे त्याला कळलंय. देमास मला सोडून गेला, क्रेस्केस गेला, तीत गेला, फक्त लूक माझ्याजवळ आहे, असं तो सांगतो. माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूनं कुणीच उभं राहिलं नाही, असंही लिहितो. आणि मग तीमथ्याला विनवतो, की लवकर ये, हिवाळ्याच्या आत ये, येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकंही आण. प्रभू माझ्याजवळ उभा राहिला, हे वाक्यसुद्धा त्याच पानावर आहे. प्रभू जवळ उभा आहे आणि तरी तीमथ्य हवाय, झगा हवाय. पौलाचा विश्वास तपासायला हवा होता, असं कुणी म्हणेल का?

मदर तेरेसांचं उदाहरणही सांगण्यासारखं आहे. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली. तेव्हा जगाला कळलं, की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याची जाणीव आतून होत नव्हती. रोज पहाटे उठून त्या प्रार्थना करत होत्या, कोलकात्यात रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसांना उचलत होत्या आणि मनात हा अंधार होता. हे सगळं उघड झाल्यावरच २०१६ मध्ये त्यांच्या चर्चनं त्यांना संत म्हणून जाहीर केलं.

आता गुड फ्रायडेच्या आदल्या, गुरुवारच्या रात्रीकडे येते. माझ्या मते तुमच्या पत्राचं खरं उत्तर तिथून सुरू होतं, आणि गुड फ्रायडेच्या भाषणांत नेमकी तीच रात्र मागं राहते.

जेवण झालं आणि येशू गेथशेमाने बागेत गेला. शिष्यांपैकी पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना त्यानं आणखी आत नेलं आणि सांगितलं, की माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय, तुम्ही इथं राहा आणि माझ्याबरोबर जागे राहा. मत्तयच्या २६व्या अध्यायात हे आहे. त्याला पित्याशी बोलायचं होतं, तो बोललाही. पण हाकेच्या अंतरावर आपली माणसंही असावीत, असं त्याला वाटलं. त्यांनी काही करावं, समजूत घालावी, चार वचनं ऐकवावी, असं त्यानं मागितलं नाही. नुसतं जागं राहा म्हणाला. आणि तिघंही झोपले. तो प्रार्थनेतून उठून आला, त्यांना झोपलेलं बघितलं, घटकाभरही तुमच्यानं जागं राहवलं नाही का, असं पेत्राला विचारलं, पुन्हा गेला, पुन्हा आला. असं तीनदा.

देवाचा पुत्र म्हणून ज्याची आपण भक्ती करतो, त्यानं आपल्या सर्वांत अवघड रात्री माणसांची सोबत मागितली. तोंडानं मागितली. मिळाली नाही, तेव्हा दुसऱ्यांदा उठून बघायला आला. मग दोन वर्षांपूर्वी मालक गेलेल्या बाईनं कुणीतरी जवळ असावं असं म्हटलं, तर त्यात अविश्वास कुठून आला? आणि लाज कशाची?

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीन देशभर अंधार पडला, असं शुभवर्तमान सांगतं. तिसऱ्या प्रहराच्या सुमाराला तो मोठ्यानं ओरडला, “एलोई, एलोई, लमा सबख्थनी.” लूक आणि योहान बाकीचे सहा उद्गार सांगतात. मार्क आणि मत्तय यांनी मात्र वधस्तंभावरचं हे एकच वाक्य नोंदवलंय. त्यानंतर मोठ्यानं फोडलेली आरोळी आणि प्राण सोडणं, बस. पहिल्या पिढीतल्या विश्वासणाऱ्यांनी हे वाक्य झाकून ठेवलं नाही. आमच्या प्रभूनं असं म्हणणं बरं दिसत नाही, असं त्यांना वाटलं नाही.

आणि लगेच पुढं काय झालं ते बघा. जवळ उभे असलेले लोक म्हणाले, ऐका, हा एलीया संदेष्ट्याला हाक मारतोय. म्हणजे आयुष्यातली सर्वांत दुःखाची हाक त्यानं मारली आणि ऐकणाऱ्यांनी ती भलतीच ऐकली. मग एकानं, आता एलीया येतो का पाहू, म्हणून गंमत बघायचं ठरवलं. ताई, तुमचं तेच झालंय. तुम्ही म्हणता, मला एकटं वाटतं. ऐकणाऱ्याला ऐकू येतं, हिचा विश्वास कमी पडलाय. एकटं असण्यापेक्षा हे जास्त लागतं. पत्रातल्या ओळींवरून मला तरी असंच दिसतं, की घरातल्या शांततेपेक्षा त्या दिवसाच्या भाषणानं तुम्हाला जास्त एकटं पाडलं.

ती आरोळी म्हणजे २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. त्या स्तोत्राचा शेवट चांगला आहे. देवानं दुःखिताकडे पाठ फिरवली नाही, त्याची आरोळी ऐकली, असं पुढं येतं. म्हणून काही उपदेशक सांगतात, की येशूच्या मनात सगळं स्तोत्र होतं, त्याला खरं सोडलेलं नव्हतंच. काही सांगतात, की जगाचं पाप अंगावर घेतल्यानं तो त्या क्षणी पित्यापासून खरंच तुटला. थोर थोर लोक दोन्ही बाजूंनी बोललेत, मी त्यात न्याय करणार नाही. मला एवढंच म्हणायचंय, की शेवटच्या ओळीवर उडी मारायची घाई नको. तो पहिल्या ओळीवर होता, तेव्हा पहिल्याच ओळीवर होता. तुम्ही आज पहिल्या ओळीवर असाल तर तिथंच बसा. दुसऱ्या ओळीत लिहिलंय, की मी दिवसा हाक मारतो तरी तू उत्तर देत नाहीस, रात्रीही मला चैन नाही. ही प्रार्थनाच आहे. संध्याकाळी दिवा लावल्यावर एवढ्या दोनच ओळी मोठ्यानं वाचा आणि पुस्तक मिटा. मनातून येत नसलेलं उपकारस्मरण ओढून ताणून करू नका. १०२वं स्तोत्रही काढून ठेवा. त्यात तो भक्त म्हणतो, मला झोप नाही, धाब्यावर, म्हणजे माळवदावर, एकट्याच बसलेल्या चिमणीसारखं माझं झालंय. माळवदाच्या घरात राहिलेल्या माणसाला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

मग वधस्तंभाचा तुम्हाला उपयोग काय, असं कुणी विचारेल. या विश्वासानं मालकांची बाज भरत नाही, हे मी आधीच कबूल करते. पण समोर ती रिकामी बाज असताना तुम्ही ज्याच्याशी बोलता, तो वरून, लांबून ऐकणारा नाही. झोपी गेलेले मित्र, नाकारणारा पेत्र, चुकीचं ऐकणारी गर्दी आणि उत्तर न देणारं आभाळ, हे सगळं त्यानं अंगावर घेतलंय. रोमी लोक वधस्तंभाची शिक्षा गुलामांना आणि बंडखोरांना द्यायचे, चारचौघांत, नागवं करून, सगळ्यांनी बघावं म्हणून. तीही शहराच्या वेशीबाहेर. आपल्याकडं वेशीबाहेर कुणाला ठेवायचे, हे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला ठाऊक आहे. आपल्या किती तरी मंडळ्या त्याच वस्त्यांमधून उभ्या राहिल्या. त्या जागी तो मेला. म्हणून सगळे जिथून उठून गेलेत अशा घरातही देव आहे असं आपण म्हणतो, तेव्हा ते उगाच दिलासा द्यायला म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मनात गोंधळू देऊ नका. बायका रडायला लागल्या, की ‘आपला वधस्तंभ उचल आणि चाल’ हे वचन फार चटकन काढलं जातं. येशूनं ते त्याच्यामागं चालू पाहणाऱ्यांना सांगितलं. घरात कुढत, गप्प बसा असा त्याचा अर्थ नाही. तुमचा मुलगा-सून सहा महिने घराबाहेर आहेत ते उचल फेडायची आहे म्हणून, कोरडवाहू रानात वर्ष निघत नाही म्हणून. हे माणसांनी लादलेलं आहे. देवानं तुमच्या वाट्याला मुद्दाम एकटेपणा पाठवला आणि तो तुम्ही हसत सोसला पाहिजे, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

आता तिसरं वचन. तुमच्यासाठी मला ते चौथ्याइतकंच मोलाचं वाटतं.

वधस्तंभाजवळ त्याची आई उभी होती. तिच्या नवऱ्याचा, योसेफाचा उल्लेख तोवर शुभवर्तमानांतून थांबलेला आहे. तो आधीच वारला असावा, असं बहुतेक जण मानतात. म्हणजे ती विधवा, आणि आता थोरला मुलगा डोळ्यांसमोर जातोय. श्वास घेणंसुद्धा कठीण असताना येशूनं तिला म्हटलं, “बाई, पाहा, हा तुझा मुलगा.” आणि जवळच्या शिष्याला म्हटलं, “पाहा, ही तुझी आई.” तिला त्यानं धीर धर म्हटलं नाही, विश्वास तपास असंही म्हटलं नाही. त्यानं तिची सोय लावली. तिला एक माणूस दिला आणि एक घर दिलं. त्या वेळेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं, असं योहान १९ मध्ये आहे. मरताना त्यानं जी थोडी कामं उरकली, त्यांत हे एक होतं: एका बाईनं मागं एकटं राहू नये.

मंडळी हीच गोष्ट पुढं चालवायची असते. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत कुरकुर सुरू झाली, की रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी त्या बायकांना प्रार्थना वाढवायला सांगितलं नाही. सगळ्यांना बोलावलं आणि त्या कामाला सात माणसं नेमली. म्हणजे आम्हाला कुणी विचारत नाही, हे विधवांचं गाऱ्हाणं मंडळीत मांडण्याची रीत पहिल्या मंडळीइतकी जुनी आहे. आपल्याकडंसुद्धा, एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. नव्या ख्रिस्ती लोकांना नुसता बाप्तिस्मा देऊन भागणार नाही, त्यांना राहायला घर आणि शेजार लागेल, हे त्यांनी ओळखलं होतं.

तेव्हा ताई, तुम्ही बोला. पाळकसाहेब पुढच्या वेळी येतील तेव्हा उपासनेनंतर थांबा. घोळवून सांगू नका. म्हणा, “साहेब, मला संध्याकाळी घरात राहवत नाही. जेवण जात नाही, झोप नाही. मागल्या वर्षीच्या भाषणानं मी फार दुखावले आहे. मला सोबत पाहिजे.” एवढी वाक्यं पुरेत. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढ्यावर थांबू नका. त्यावर प्रार्थना होते आणि माणसं घरी जातात.

आणि ज्या रविवारी ते येत नाहीत, त्या रविवारी संध्याकाळची प्रार्थना तुमच्या ओसरीवर ठेवा असं सुचवा. हंगामात गावात मागं राहिलेली सगळी म्हातारी माणसं, आजी-आजोबांजवळ ठेवलेली पोरं, सगळ्यांची गत तुमच्यासारखीच असणार. फक्त तुम्ही लिहिलंत. ज्यानं त्यानं आपापली भाकरी आणावी, कोरड्यास तुम्ही करा. चूल पेटायला कारण मिळेल. मधल्या वारी एखाद्या बाईला सरळ म्हणा, की मला एकटीला जेवण जात नाही, मंगळवारी माझ्याकडं ये. ती ख्रिस्तीच असली पाहिजे असं नाही. येशूचा वधस्तंभ वाहून नेणारा कुरेनेकर शिमोन शेतावरून येत होता, शिपायांनी त्याला वेठीला धरलं. तो शिष्यही नव्हता. येशूनं ती मदत घेतली. अंगणवाडीच्या सेविकाबाई, शेजारची सून, कुणीही चालेल.

मुलाला फोनवर ‘मी बरी आहे’ एवढंच सांगता ना? बहुतेक आया तेच सांगतात. तो भल्या पहाटे फडात जातो, गाडी भरून कोपीत येईपर्यंत दमलेला असतो, हे खरं. तरी त्याच्याशी एक वेळ ठरवून घ्या आणि खरं सांगा. त्याचं मन दुखेल, पण आपल्याला कळलंच नाही असं त्याला पुढं वाटायला नको. मुलीला तर एक कामच द्या: रोज रात्री फोन करून ‘काय जेवलीस’ हे विचारायचं. वधस्तंभाच्या वेळी गालीलाहून आलेल्या बायका दुरून पाहत उभ्या होत्या, असं मार्क सांगतो. त्यांच्या हातात काही नव्हतं, तरी त्या गेल्या नाहीत, आणि रविवारी पहाटे कबरेकडं जाणाऱ्याही त्याच होत्या. लांबच्या लेकीलाही असं उभं राहता येतं, तिला सांगितलं तर.

आणखी एक, हे टाळू नका. कित्येक महिने झोप नाही, जेवण नाही, उठावंसं वाटत नाही, असं असेल तर तो आजारही असू शकतो आणि त्याला औषध आहे. बीपीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली-मानस नावाची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. जगूच नये असं कधी मनात आलं, तर त्याच घडीला फोन लावा आणि शेजारच्या घरात जाऊन बसा. पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, तरी मी विचारतेय, कारण असं मनात आलं तरी बायका सांगत नाहीत. गोळी घेणं हे विश्वास कमी असल्याचं लक्षण नाही. बीपीची घेताना तुम्हाला तसं वाटतं का?

मंडळीतले जे कुणी हे वाचत असतील, त्यांनाही दोन शब्द. मातीला अख्खं गाव लोटतं. महिन्याभरानं त्या दाराची कडी कुणी वाजवत नाही. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं, यालाच याकोबाचं पत्र शुद्ध धर्माचरण म्हणतं. समाचार घ्यायला जाताना वचनांची तयारी लागत नाही. घरी जावं, चहा घ्यावा, मालकांचं नाव काढावं. गेलेल्या माणसाचं नाव आपण टाळतो आणि त्या बाईला वाटतं, की जग त्याला विसरलं. आणि ज्यांना यंदा चौथ्या वचनावर बोलायला सांगितलंय, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. समोरच्या बाकावर पांढरं लुगडं नेसून कोण बसलंय ते आधी पाहा. त्यांतल्या कितीतरी जणींनी या एका वाक्यासाठीच तीन तास उन्हात काढलेले असतात. येशूनं विचारलेला प्रश्न त्यांना विचारू द्या. त्याचं उत्तर वीस मिनिटांत दिलंच पाहिजे असं नाही.

ताई, यंदा गुड फ्रायडेला जा. तीन तास बसवलं नाही तर मधून उठून बाहेर जा, कुणी काही म्हणत नाही. पाळकसाहेबांना आधीच विचारून तिसऱ्या वचनाचा शास्त्रपाठ तुम्ही वाचायला मागून घ्या, योहान १९, ओवी २५ ते २७. तुम्ही वाचलेल्या त्या ओव्या मंडळीनं ऐकणं गरजेचं आहे.

आणि तो निर्जळी उपवास यंदा करू नका. चैत्रातलं ऊन, त्यात बीपीची गोळी, त्यात महिनोन् महिने पोटात नीट अन्न नाही. चक्कर येऊन पडाल. उपवास न केल्यानं प्रभूचा अपमान होईल असं मनात आलं, तर पाचवं वचन आठवा. “मला तहान लागली आहे” असं तो म्हणाला, कुणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, भिजवलेला बोळा त्याच्या तोंडाशी धरला आणि त्यानं तो घेतला. निघताना अर्धी भाकरी खा, गोळी घ्या, आणि पाण्याची बाटली पिशवीत टाका.